पातळ संग्रह, जाड प्रस्तावना

नवोदित दलित कवींनी पदरमोड करून काढलेल्या पातळ संग्रहांनी धायरीतल्या माझ्या घरी कपाटाचा एक खण भरला आहे. प्रस्थापित समीक्षा त्यांना 'हौसेची छपाई' म्हणून बाजूला सारते. ही उपेक्षा मला मान्य नाही. १९५४ साली निघालेले 'शब्द' हे अनियतकालिकही चक्रमुद्रितच होते, पण मराठी कवितेच्या इतिहासात त्याला जागा मिळाली. मग आपल्याच पोरांच्या पुस्तिकांना नाके का मुरडायची?

तथापि सहानुभूती म्हणजे समीक्षा नव्हे. या संग्रहांत सूर्य, मशाल, वणवा पानोपानी भेटतात. आधीच्या पिढीने ही प्रतीके जगण्यातून कमावली. आज ती आयती मिळतात. त्याच संग्रहात पुढे कुठेतरी आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक येतो, फीच्या पावतीची घडी येते आणि कविता एकदम जिवंत होते. ही कविता आधी ठेव, ती दहा काढून टाक, असे सांगणारे कोणी कवीला भेटलेले नसते. दोष पुस्तकाच्या जाडीत नाही, तो इथे आहे.

वामनदादा कर्डकांचे गाणे आधी लोकांसमोर उभे राहत असे. श्रोता हाच त्याचा पहिला संपादक होता. आज त्या जागी प्रस्तावना आली आहे. 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांचीही प्रस्तावना होती. पण आपल्याला कोणते शब्द कळले नाहीत, हे त्यांनी तीत उघड सांगितले आणि ढसाळांकडून ते समजून घेतले. आजचा प्रस्तावनाकार बहुधा प्रमाणपत्र देतो. त्याला सगळेच कळलेले असते, कारण त्याने फारसे वाचलेले नसते.

पहिल्या पिढीच्या पदवीधराला छापील नावाचे मोल काय असते, हे मला कोणी सांगायला नको. म्हणूनच त्याच्या घामाच्या पैशाला खोट्या स्तुतीची पावती देणे ही फसवणूक आहे. आपण प्राध्यापकांनी प्रकाशन समारंभाचे हार नाकारावेत आणि हस्तलिखित मागावे. वस्तीत, वसतिगृहात त्याचे वाचन घडवावे, पेन्सिलीने खुणा कराव्यात, भांडावे. पुस्तक निघाल्यावर नियतकालिकांनी त्याचे नाव घेऊन परखड परीक्षण छापावे. आपल्या कवीला दयेची गरज नाही. त्याला वाचक हवा आहे.