जोडणीची मार्गदर्शिका आणि तिचा वाचक

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यातील लेखात चूक आढळल्यास वाचकाला ती तेथल्या तेथे सुधारता येते. परंतु तो ज्या मीडियाविकी या प्रणालीवर उभा आहे, तिच्यातील चूक सुधारावयाची झाल्यास गेरिट या परीक्षणसाधनाची वाट धरावी लागते. नामविश्वांची मराठी नावे व देवनागरी अंकांची योजना ज्या फाइलीत आहे, तीही याच वाटेने बदलते. विकिमीडियाने २०१२ साली सबव्हर्जन सोडून गिट व गेरिट यांचा अंगीकार केला. (रीटफेल्ड या डच वास्तुकाराचे नाव या साधनास लाभावे, हा योग मौजेचा आहे, त्याच्या खुर्चीवर बसणेही फारसे सुखाचे नसावे.)

या साधनाशी आपला संगणक जोडण्याच्या मार्गदर्शिका ज्याने वाट एकदा चाललेली आहे, त्याच्या दृष्टीने लिहिल्या जातात, हा त्यांचा मूलगामी दोष होय. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर प्रथमच उतरलेल्या माणसास गावांची यादी नको असते. कोणता रस्ता आपला नव्हे, हे त्यास आधी कळावे लागते. मीडियाविकीची संहिता गिटहबवरही दिसते. परंतु ते केवळ प्रतिबिंब आहे, बदल तेथे स्वीकारले जात नाहीत. ही सूचना अग्रभागी नसेल, तर नवागताचे श्रम वाया गेलेच म्हणून समजावे.

दुसरा घोटाळा नावांचा. विकिपीडियाचे खाते येथे चालत नाही. विकसकाचे निराळे खाते काढावे लागते. त्यातही नावे दोन : एक प्रवेशाचे, दुसरे एसएसएच जोडणीचे. आज्ञेत नुसते ‘आपले नाव’ असे लिहिणारा लेखक वाचकास सरळ चुकीच्या नावाकडे धाडतो. गेरिटच्या सेटिंग्ज पानावर जे नाव दिसते तेच उतरून घ्यावे, एवढे एक वाक्य येथे पुरेसे आहे.

मात्र सर्वांत उद्बोधक उदाहरण जोडणीच्या पडताळणीचे आहे. सर्व काही यथास्थित झाले असता गेरिट स्वागत करते, जोडणी यशस्वी झाल्याचे सांगते, आणि लगेच ‘दुर्दैवाने’ या शब्दाने आरंभ करून परस्परसंवादी शेल बंद असल्याचे कळवून जोडणी तोडते. हे यशच होय. परंतु इंग्रजी अडखळत वाचणारा विद्यार्थी ‘दुर्दैवाने’पाशीच थांबतो व किल्ली पुन्हा तयार करावयास बसतो. खरे अपयश ‘परवानगी नाकारली’ या शब्दांत येते. ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापून त्यांचा अर्थ सांगणे हे मार्गदर्शिकेचे प्रथम कर्तव्य होते. प्रायः आज्ञा तेवढी दिली जाते, उत्तर दिले जात नाही. चेंज-आयडी नसल्यामुळे बदल परत येतो, तेव्हाही हाच अनुभव येतो.

महाविद्यालयाच्या जाळ्यावर २९४१८ हे द्वार पुष्कळदा बंद असते. अशा वेळी जोडणी नकार देत नाही, नुसती ताटकळत राहते. आणि वाचक दोष स्वतःच्या किल्लीत शोधू लागतो. सेटिंग्जमधून निराळा संकेतशब्द घेऊन एचटीटीपीएसने जाण्याचा पर्याय उपलब्ध आहे. त्याची जागा परिशिष्टात नव्हे, पहिल्या पानावर आहे.