स्वकथनांतील किशोर आणि आपली समीक्षा

'बलुतं' १९७८ साली आले. तेव्हापासून दलित स्वकथनांची समीक्षा प्रामुख्याने दोन शब्दांवर उभी आहे : वेदना आणि विद्रोह. प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राला उत्तर म्हणून आपणच हे शब्द पुढे केले आणि त्यांनी आपले काम चोख बजावले. परंतु या पुस्तकांच्या कितीतरी पानांवर बारा ते अठरा वर्षांचे पोर उभे आहे. त्याची वेदना आपण समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून वाचली. त्या पोराच्या मनाला काय होत होते, हे विचारायचे राहून गेले.

प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) पुन्हा वाचावे. पोरका मुलगा नातलगांच्या आश्रयाने शिकतो. त्याची भूक सर्वांना दिसली. पण आपण कुणालाच नको आहोत, ही त्याच्यात मुरत जाणारी समजूत? तिला आपण 'संयत सूर' म्हणून गौरवतो. लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बाप कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मुलाला आतून पोखरतो. 'बलुतं'त तर लेखक आरंभीच दगडू आणि दया असा दुभंगलेला आहे, आणि आपण त्याला निवेदनतंत्र म्हणून मोकळे होतो. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) या नावातच स्फोट कुठे होतो ते सांगून टाकले होते.

असे का झाले? मध्यमवर्गीय मानसशास्त्राने आमच्या पोरांवर 'न्यूनगंडा'चे लेबल चिकटवले आणि जात नजरेआड केली. ते आपण नाकारले, योग्यच केले. पण नाकारता नाकारता दुसऱ्या टोकाला गेलो : कारण सामाजिक, म्हणून उपायही फक्त सामाजिक. क्षयरोगही कोंदट खोलीतून आणि अर्धपोटी राहण्यातून फोफावतो. म्हणून व्यवस्था बदलेपर्यंत कोणी गोळ्या थांबवतो काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील दर्शन सोळंकी हा अठरा वर्षांचा दलित विद्यार्थी गेला. कुटुंबाने जातिभेदाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला थेट भेदभावाचा पुरावा सापडला नाही; तिने ढासळलेल्या अभ्यासाकडे बोट दाखवले. जणू जात आणि अभ्यास एकाच मुलाच्या डोक्यात नसतातच!

मी नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीचा. घरातला पहिला पदवीधर, आता महाविद्यालयात शिकवतो. अकरावीतला पोरगा दोन-तीन आठवडे झोपत नाही, जेवण टाळतो, मित्र तोडतो, उगाच अंगावर धावून येतो; घरचे म्हणतात, माजला. पोरगी गप्प झाली तर 'लागीर' झाले. मग आमच्याच जिल्ह्यातल्या सैलानीची वाट धरली जाते. १९५६ साली देव सोडलेली घरेही त्या वाटेवर दिसतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. तिथे निदान कोणी 'काय होते' असे विचारते. आणि पहिल्या शिकणाऱ्या पोराने तर खचायचेच नसते, कारण त्याच्यावर सारे घर उभे असते. आपली स्वकथनेही तरून गेलेल्यांनी लिहिली आहेत. जे तरले नाहीत त्यांचे पुस्तक कुठून येणार?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटात ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आमची पोरे त्या आकड्यातही नाहीत.

मदत अगदीच नाही असे नाही. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून मोफत, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क केला आणि साखळदंडावर बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले. मात्र 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावून आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले मी पाहिले आहेत. आणि समुपदेशक आला, तरी आडनाव विचारल्यावर पोरगा का गप्प होतो हे त्याला कळले पाहिजे. शिक्षकांनीही एक भीती सोडावी. 'जीव नकोसा वाटतो का?' असे सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हटले तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांपर्यंत सोबत जावे.

समीक्षेने एवढे तरी करावे : मागे वळून लिहिलेल्या किशोरवयासोबत आजच्या सोळा वर्षांच्या मुलांचे लेखनही वाचावे. वर्गातल्या मुलांनी अशी चार-दोन पाने माझ्याकडे आणून दिली आहेत. शुद्धलेखन चुकलेले आहे, विद्रोह कुठेच नाही. झोप न लागलेल्या रात्रींची तारीखवार नोंद आहे. ती छापण्याची परवानगी मी अजून मागितलेली नाही.