उन्हात टिकणारी फुलझाडे : याद्यांची एक उलटतपासणी

उन्हाळा तोंडावर आला की बागकामाची सदरे, बियाण्यांची पाकिटे आणि रोपवाटिकांची माहितीपत्रके यांतून एक यादी हमखास भेटीला येते. मथळा साधारण ठरलेला असतो : भर उन्हात टिकणारी फुलझाडे. खाली सदाफुली, चिनी गुलाब, झेंडू, बोगनवेल, कण्हेर, घाणेरी, लॅव्हेंडर अशी नावे, प्रत्येकाचे रंगीत चित्र आणि समोर एकच शेरा : ‘उष्णता उत्तम सहन करते’. शाळेच्या बागेची जबाबदारी ज्यांच्यावर असते ते शिक्षक ही यादी कापून ठेवतात, रोपे आणतात, मुले आळी करतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा निम्मी आळी रिकामी दिसतात. दोष मग मातीला, शिपायाला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. यादीची चौकशी मात्र कोणी करत नाही. ती येथे करायची आहे.

आक्षेप यादीतल्या नावांवर नाही. त्यांपैकी बरीच झाडे खरोखर काटक आहेत. आक्षेप असा, की ‘उष्णता सहन करणे’ हा जणू एकच गुण आहे असे ही यादी धरून चालते. प्रत्यक्षात प्रखर प्रकाश, तापलेली हवा, हवेचा कोरडेपणा आणि मुळांशी पाण्याचा अभाव या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे झाड त्यांतल्या दोन सहज सोसते आणि तिसरीपुढे मान टाकते. कोणते झाड काय सोसते आणि का, हे न सांगणारी यादी विज्ञानाच्या वर्गात जेवढी निरुपयोगी, तेवढीच बागेतही.

याद्यांच्या पलीकडे जाऊन हा प्रश्न शिस्तीने मांडण्याचा एक गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. त्याची तपासणी करणे अधिक न्यायाचे ठरेल. तेथील बागाईतदार पूर्वी केवळ थंडीच्या नकाशावर विसंबून असत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली काढलेला आणि पुढे अनेकदा सुधारलेला हा नकाशा वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरी तापमानावर बेतलेला आहे. त्यामुळे १९९० च्या आवृत्तीत वायव्येकडचे सौम्य उन्हाळ्याचे सिॲटल आणि टेक्सासमधले भाजून काढणारे डॅलस दोन्ही आठव्याच पट्ट्यात मोडत. हिवाळ्यापुरते ते ठीक होते. परंतु सिॲटलमध्ये आनंदाने फुलणारे झाड डॅलसच्या जुलैत कोळपून जाई.

ही उणीव भरून काढण्यासाठी डॉ. एच. मार्क कॅथी यांच्या पुढाकाराने अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ साली उष्णतेचा नकाशा प्रसिद्ध केला. वर्षातून किती दिवस पारा ३० अंश सेल्सिअसच्या वर जातो ते मोजून देशाचे बारा पट्टे पाडले. पहिल्या पट्ट्यात असा दिवस सरासरीने वर्षात एकही भरत नाही, बाराव्यात २१० हून अधिक भरतात. या तापमानापुढे पेशींतील प्रथिनांवर ताण येऊ लागतो, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. नुसत्या शेऱ्याऐवजी मोजता येणारा निकष दिला, हे या नकाशाचे मोठे श्रेय आहे.

आता हीच मोजपट्टी आपल्याकडे लावून पाहा. नागपुरात ३० अंशांवरचे दिवस २१० हून अधिक भरतात आणि मुंबईतही भरतात. दोन्ही शहरे बाराव्या पट्ट्यात येतील. एवढेच नव्हे, तर नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा बहुधा तिशीच्या आत राहतो, तर मुंबईत सांताक्रूझला त्या महिन्यांतही तो तिशी ओलांडतो. म्हणजे दिवस मोजले तर मुंबईच नागपूरपेक्षा ‘गरम’ ठरण्याचा संभव आहे! मे महिन्यात दोन्ही शहरांत राहिलेल्या माणसाला हा निष्कर्ष पटणार नाही, आणि झाडांनाही पटत नाही. तिशी ओलांडली की नाही एवढेच पाहणारा निकष ३३ आणि ४५ अंशांना एकच गुण देतो.

त्याहून मोठा फरक हवेच्या कोरडेपणाचा आहे. समजा, मेमधल्या दुपारी नागपुरात तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. त्या तापमानाला संपृक्त वाफेचा दाब सुमारे ८.२ किलोपास्कल असतो. तो फक्त एक पंचमांश भरला आहे, म्हणजे सुमारे ६.६ ची तूट. मुंबईत त्याच वेळी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ५ पैकी जेमतेम दीडची तूट उरते. पानातून पाणी ओढून घेण्याची हवेची ताकद या तुटीवर अवलंबून असते. नागपूरची हवा ते चौपटीहून अधिक जोराने ओढते.

पान थंड राहते ते याच पाण्यामुळे. पर्णरंध्रांतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. मुळांशी पाणी असेल तोवर ही शीतयंत्रणा चालते. ते संपले की झाड पर्णरंध्रे मिटते, बाष्पोत्सर्जन थांबते आणि पान तापू लागते. उन्हाने जळाली असे आपण म्हणतो ती बरीच झाडे मुळात तहानेने गेलेली असतात. अमेरिकन नकाशाच्या कर्त्यांनाही याची जाणीव होती. झाडाच्या मुळांना सदैव पुरेसे पाणी मिळत आहे असे त्यांनी स्पष्टपणे गृहीत धरले होते. आपल्या शाळांत नेमक्या मे महिन्यात नळाशी कोणी नसते. ज्या गृहीतावर ती इमारत उभी आहे, तेच आपल्याकडे सुट्टीवर गेलेले असते.

मोगरा आणि बोगनवेल शेजारी ठेवून पाहिली की हा भेद मुलांनाही कळतो. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुलतो, त्याला ऊन भरपूर हवे. पण पाणी तोडले तर कळ्या सुकतात. बोगनवेल जमिनीत रुजली की पाण्याविना तग धरते आणि थोड्या ताणावर अधिक रंगते. (तो रंग फुलांचा नव्हे, फुलांभोवतीच्या पानांसारख्या सहपत्रांचा. खरी फुले आत लहान आणि फिकट असतात.) यादीत दोघांनाही एकच शेरा मिळतो.

चिनी गुलाब, म्हणजे पोर्चुलाका, आणखी वेगळी युक्ती करतो. त्याची पाने व खोड रसाळ असतात, आणि प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हात कमी पाण्यात काम भागवणारी असते. पाणी फारच कमी पडले तर हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवण्याकडेही वळू शकते. दुसऱ्या प्रकारची झाडे ही युक्ती एरवी क्वचितच जोडीने करतात. आपण भाजी करून खातो ती घोळ याच कुळातली आणि याच सवयीची. कण्हेरीचे उत्तर निराळे. तिच्या पानांच्या खालच्या बाजूला खळगे असतात, खळग्यांत केस, आणि त्या केसांच्या आड पर्णरंध्रे. कोरड्या वाऱ्याला तेथपर्यंत पोचणे जड जाते. अशी कारणे दिली असती तर तीच यादी वनस्पतिशास्त्राचा धडा झाली असती.

दुसरा आक्षेप फुलांविषयी आहे. झाड जगणे आणि झाड फुलणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पाने सोसतात ती उष्णता परागकण सोसतीलच असे नाही. टोमॅटोचे झाड उन्हाळ्यात हिरवेगार दिसते, फुलतेही, पण फळ धरत नाही, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. झेंडूचे तसेच : कडक उन्हात झाड तगते, फुले मात्र लहान आणि थोडी येतात. यादीला फुलझाडांची यादी म्हणवून घ्यायचे असेल तर ‘मे महिन्यात फुलते का?’ या प्रश्नाचे उत्तर तिने दिले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. या याद्यांची बरीच पाळेमुळे परदेशी बागकामात आहेत, आणि तेथे उन्हाळा ही झाडाची शेवटची परीक्षा असते. आपल्याकडे मेनंतर जुलै येतो. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लॅव्हेंडर भूमध्य सागराच्या काठचे. तेथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. उष्णता ते सोसते, पण आपल्या पावसाळ्यातली ओली, उबदार माती त्याची मुळे कुजवते. सदाफुलीसारखे काटक झाडही काळ्या मातीत पाणी साचले तर मुळकुजीने जाते. म्हणून आपल्याकडची यादी मेची आणि जुलैची अशी दोन्ही गुणपत्रके दाखवणारी हवी. चिनी गुलाब आणि सदाफुली उंच वाफ्यात, निचऱ्याच्या मातीत लावा, ही एक ओळ दहा चित्रांपेक्षा उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट शाळांच्या दृष्टीने गंभीर आहे. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांतली द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, आणि बिट्टीच्या बिया तर विशेष घातक. लहान मुलांच्या खेळाच्या मैदानाशेजारी ती लावू नयेत, आणि असतील तर मुलांना ओळखायला शिकवावे. घाणेरीची कथा वेगळी. ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि आज जंगलांतून तिने दाट जाळी केली आहे. ती खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते. परदेशी यादीत तिच्या काटकपणाचे आणि फुलपाखरांचे कौतुक असते. आपल्याकडे तोच काटकपणा तिचा दोष आहे.

आणि या याद्यांत जे नसते तेही पाहावे. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा हे वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन उन्हाळ्यात पाने गाळतात, पाण्याचा खर्च आवरतात, खोल मुळांच्या आणि साठ्याच्या जोरावर फुलतात. कुंडीत मावत नाहीत म्हणून ते यादीबाहेर. शाळेच्या आवारात मात्र त्यांना जागा असते. त्यांच्या फुलण्याला काही वर्षे लागतील, पण रोप पहिली दोन-तीन वर्षे जगवले की पुढे मे महिन्याची सुट्टी त्यांना बाधत नाही.

शिक्षकांनी यादी फेकून द्यावी असे मुळीच नाही. ती वर्गात न्यावी आणि मुलांकडून तपासून घ्यावी. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा आणि दोन्हींमधला फरक रोज दुपारी टिपा. वर धरलेल्या नागपूरच्या दुपारी तो १८ अंशांच्या आसपास येईल, मुंबईच्या दुपारी पाचाच्या आत. मग सदाफुलीची सारखी रोपे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मातीच्या कुंडीत आणि जमिनीत लावा. पाच सेंटिमीटर खोल मातीचे तापमान आणि उमललेली फुले आठवड्यातून दोनदा मोजा. मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि गार राहते, पण तिला पाणी अधिक लागते. काळी पिशवी मुळे तापवते. एकाच झाडाला तीन जागी तीन वेगळे शेरे मिळतात, हे मुले स्वतः लिहून काढतील. फेब्रुवारीत सुरुवात केली तर सुट्टीपूर्वी दहा आठवड्यांची नोंद हाती येते. सुट्टीत पाणी घालायला गावातल्या दोन-तीन मुलांची पाळी लावली तर मेचीही येईल.

अशा नोंदी दोन-तीन वर्षे राहिल्या की त्या शाळेची स्वतःची यादी तयार होईल. तिच्यात प्रत्येक नावापुढे चार रकाने असावेत : पाणी किती लागते, मेमध्ये फुलते का, जुलैत जगते का, मुलांना व गुरांना धोका आहे का. छापील यादीतल्या ज्या नावापुढे हे रकाने भरता येत नाहीत, ते झाड आधी एकच आणून कुंडीत लावून पाहावे, सगळा वाफा त्याच्या हवाली करू नये.