पंडिता रमाबाईंची 'साक्ष'

धर्मांतराच्या आत्मकथा बहुधा एकाच घाटाच्या असतात : आधीं अंधार, मग प्रकाश, शेवटीं समाधान. पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं इंग्रजींत लिहिलेली आपली 'साक्ष' वरवर पाहतां त्याच घाटाची वाटते. परंतु तिच्यांत एक गांठ आहे, आणि ती उकलल्यावांचून या छोट्या पुस्तकाचें मर्म हातीं लागत नाहीं. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. पण मुक्तीचा अनुभव आला तो त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, असें त्या स्वतःच सांगतात. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, हा त्यांनीं केलेला भेद म्हणजे केवळ शब्दच्छल नव्हे.

तो समजण्यास पूर्वचरित्र पाहिलें पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्या आईबापांबरोबर तीर्थें हिंडल्या, पुराणें सांगत वाढल्या, आणि दुष्काळांत दोघांचाही अंत त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पण धर्मग्रंथ वाचीत असतां स्त्रीशूद्रांस मोक्षाचें द्वार बंद आहे, असें त्यांना दिसूं लागलें. पुढें लंडनांत फुलहॅम येथें पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहून आणि शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांना उत्तर मिळालें. मात्र तें बुद्धीस मिळालें होतें. बुद्धीस पटलें म्हणजे मन मोकळें होतेंच असें नाहीं.

या मधल्या वर्षांतील झगडा 'साक्षी'त फारच थोडा आला आहे, आणि हा पुस्तकाचा मोठा दोष होय. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला बाईंचा पत्रव्यवहार ए. बी. शाह यांनीं संपादून १९७७ सालीं प्रसिद्ध झाला; त्यानें ही उणीव भरून निघते. त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्ट बाई तेथें तपासून घेतात. एका पुरोहितवर्गाचें जूं महत्प्रयासानें झुगारलें तें दुसऱ्याचें मानेवर घेण्यासाठीं नव्हे, हा त्यांचा बाणा.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या विवेकबुद्धीवर कोणाची सत्ता न मानणाऱ्या बाई आश्रयास आलेल्या मुलींच्या विवेकबुद्धीविषयीं तितक्याच दक्ष होत्या काय? १८८९ सालीं मुंबईंत निघून पुढें पुण्यास आलेलें शारदासदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, असें ठरलें होतें. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले.

त्यानंतरचा लोणावळ्याचा प्रसंग अधिकच बोलका आहे. बोरघाटाच्या माथ्यावरील या मावळच्या गांवीं मिशनरी लोकांचे उपासना-मेळावे भरत. १८९६ च्या सुमारास बाई तेथें पंधरा मुली घेऊन गेल्या, आणि या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे ती सव्वादोनशें व्हावी, असें त्यांनीं देवाजवळ मागितलें, अशी नोंद आहे. आत्म्यांचें हें गणित आम्हांस खटकतें. जिचें अन्नवस्त्र आपल्या हातीं आहे, तिचा होकार कितपत मोकळा हें पारखणें कठीण. आणि ही पारख 'साक्षी'त कोठेंही दिसत नाहीं.

तथापि न्याय करावयाचा तर पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां बाई स्वतः जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. केडगांवच्या 'मुक्ति' सदनांत त्यांना अन्न, अक्षरओळख आणि हातास उद्योग मिळाला. ज्यांनीं उपासमारींत आईबाप गमावले त्यांना प्रार्थनेंतील आंकडा आणि भाकरी यांत अंतर वाटलें नाहीं, हें समजण्यासारखें आहे.

लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीस जाते. तिच्या तीरीं मध्यस्थांवांचून देव गांठण्याची तळमळ ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना रमाबाईंची तळमळ परकी वाटूं नये. आमची शिफारस एवढीच कीं, 'साक्ष' व पत्रें जोडीनें वाचावीं. श्रद्धेनें बाईंना भयापासून सोडविलें, हें पहिल्या पुस्तकांत दिसतें; त्या श्रद्धेलाही प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनीं सोडला नाहीं, हें दुसऱ्यांत. तोच हक्क त्यांच्या मुलींनाही कितपत लाभला, हा प्रश्न वाचकानें मनांत जागा ठेवावा.