होमरची शब्दसंपदा आणि वारंवारतेचा निकष

होमरची महाकाव्ये मुळातून वाचू पाहणाऱ्या अभ्यासकाला व्याकरणापेक्षा शब्दच अधिक अडवितात. ही अडचण प्राचीन ग्रीकांनाही होती. ख्रिस्तपूर्व ४२७ मधील आरिस्तोफानेसच्या 'दायतालेस' या नाटकाच्या अवशेषांत पिता पुत्राला होमरच्या दुर्बोध शब्दांचे अर्थ विचारतो.

या अडचणीवर ओवेन व गुडस्पीड यांनी १९०६ साली वारंवारतेनुसार लावलेल्या शब्दयाद्यांचा उपाय सुचविला. वारंवार येणारे शब्द आधी शिकल्यास वाचनाला लवकर गती येते, हा या पद्धतीचा गुण निर्विवाद आहे. तथापि प्रगत अभ्यासात तिची मर्यादा स्पष्ट होते. यादी प्रत्येक शब्द सुटा मानते. मिल्मन पॅरी यांनी मात्र १९२८ च्या प्रबंधांत दाखविले की, या काव्याची घडण वृत्तात ठरावीक जागी बसणाऱ्या सांकेतिक पदबंधांची आहे.

'नेदुमॉस' हे विशेषण पाहावे. होमरमध्ये ते निद्रेलाच लागते. बहुमान्य उपपत्तीनुसार मूळ शब्द 'हेदुमॉस', म्हणजे मधुर. संस्कृत 'स्वादु' याच्याच कुळातला. आरंभीचा वकार लोपल्यावर आधीच्या क्रियापदाला जोडलेला नकार पुढच्या शब्दाला चिकटला आणि नवा शब्द जन्मला. 'ऑक्रुओएइस' (भयंकर) हा शब्द 'इलियड'मध्ये अवघा दोनदा येतो. संख्येच्या दृष्टीने तो नगण्य ठरेल. परंतु 'क्रुओएइस'च्या आधीच्या षष्ठी प्रत्ययाचा जुना अंत्य स्वर त्यात अडकून राहिला आहे. अशा शब्दांची मीमांसा मानू लॉयमान यांनी १९५० च्या ग्रंथात केली. म्हणजे शब्दाचे महत्त्व त्याच्या संख्येवरून नव्हे, तर त्याच्या स्थानावरून ठरते.

म्हणून प्रगत विद्यार्थ्याने शब्द पदबंधासह व स्थळनिर्देशासह टिपावा. कन्लिफ यांचा १९२४ चा होमरकोश यासाठी अधिक उपयुक्त आहे. कारण तो प्रत्येक अर्थ प्रत्यक्ष स्थळांशी जोडतो. होमरचा अर्थ होमरवरूनच लावावा, हे आरिस्तार्खॉसच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्रही हेच सांगते.

संस्कृतज्ञाला ही दृष्टी अपरिचित नाही. निघंटूतील शब्द यास्काने ऋचांच्या आधारे उलगडले. नुसत्या यादीवर तो थांबला नाही. होमरचे 'क्लेऑस आफ्थितॉन' आणि ऋग्वेदातील 'श्रवः अक्षितम्' यांचे साम्य कून यांना १८५३ मध्ये जाणवले, तेही पदबंध समोर ठेवल्यामुळेच. यादी आरंभासाठी आवश्यक आहे. पण ती पाठ झाली म्हणजे होमर वाचता येतो, ही समजूत मात्र सोडावी लागेल.