लाडू कोण वळते, लाडू कोण खातो?

छोट्या भीमाला बळ कशाने येते, असे पहिलीतल्या कोणत्याही मुलाला विचारा. उत्तर ठरलेले आहे: लाडूने. लाडू कोण करते? टुनटुन मावशी. आणि तो भीमापर्यंत पोचवते कोण? पुष्कळदा मावशीची मुलगी चुटकी, तीही आईची नजर चुकवून. या तीन साध्या उत्तरांत आपल्या सर्वांत लोकप्रिय देशी कार्टूनमधली श्रमविभागणी पुरती सामावलेली आहे.

मुलांच्या कार्टूनवर स्त्रीवादाचा काय परिणाम झाला, याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: नायिका लढते का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. स्त्रीवादाने तलवारीइतकाच चुलीचाही प्रश्न विचारला होता. घरात कोण राबते, कोण आयते खाते आणि त्या राबण्याला काम का म्हणत नाहीत, हा तो प्रश्न. कार्टूनची परीक्षा त्या बाजूनेही व्हायला हवी.

डिस्नेच्या 1937 सालच्या 'स्नो व्हाइट'पासून सुरुवात करू. जीव वाचवून जंगलात पळालेली ही राजकन्या सात बुटक्यांच्या रिकाम्या घरात शिरते आणि सर्वांत आधी ते घर झाडूनपुसून लख्ख करते. पुढे आसऱ्याच्या बदल्यात ती स्वयंपाकपाणी, धुणे आणि शिवणटिपण अंगावर घेते. बुटके खाणीत जातात, ते काम. ती घर सांभाळते, तो तिचा स्वभाव. हा 'स्वभाव' म्हणजे बिनमोलाचा श्रम आहे, असे स्त्री-चळवळीने ठणकावून सांगायला आणखी तीन दशके जावी लागली.

चळवळीचे पडसाद कार्टूनमध्ये ठळकपणे उमटले ते शतकाच्या अखेरीस. 1998 साली कार्टून नेटवर्कवर आलेल्या 'पॉवरपफ गर्ल्स'मध्ये आदर्श मुली घडवण्याची पाककृती बिघडते, साखरेच्या मिश्रणात भलतेच रसायन सांडते आणि तीन महाबली बहिणी जन्माला येतात. आदर्श मुलीची कल्पनाच तिथे विनोदाचा विषय होते. त्या उडतात, राक्षसांना लोळवतात, हे सर्वांच्या लक्षात राहिले. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते प्रोफेसर युटोनियम. या मुलींना एकट्याने वाढवणारा, त्यांचे खाणेपिणे नि झोपणे बघणारा हा बाप आहे, आणि मालिका त्यात काही विपरीत मानत नाही. अर्थात तिच्यातही खोट आहेच. महापौरांचा कारभार वस्तुतः चालवणाऱ्या मिस बेलम यांचा बांधा पडद्यावर दिसतो, चेहरा मात्र जवळजवळ कधीच दिसत नाही.

लेखिका काथा पॉलिट यांनी 1991 साली मुलांच्या कार्यक्रमांतल्या एका साच्यावर नेमके बोट ठेवले होते: मुलगे अनेक आणि त्यांच्यात मुलगी एकच. मुलग्यांना स्वभाव असतात. कुणी शूर, कुणी हुशार, कुणी खादाड. मुलीचा स्वभाव म्हणजे तिचे मुलगी असणे. या साच्याला त्यांनी 'स्मर्फेट'चे नाव दिले. 2008 साली पोगोवर सुरू झालेल्या 'छोटा भीम'ची टोळी या साच्यात चपखल बसते. भीम, राजू, जग्गू आणि चुटकी, माकडसुद्धा नर. प्रतिस्पर्धी कालिया, ढोलू, भोलू हे तिघेही मुलगेच. चुटकी भित्री नाही, प्रसंगी ती लढतेही. स्त्रीवादाचा तेवढा परिणाम ढोलकपूरपर्यंत पोचला आहे. पण दुकान तिच्या आईचे, लाडू तिच्या घरचा आणि पराक्रम भीमाचा, या हिशेबाला कुणी हात लावलेला नाही.

हा हिशेब आपल्याच भागात, त्याआधी दीड दशक, एका कार्टूनने मांडला होता. सार्कने 1990 हे 'बालिका वर्ष' जाहीर केले. त्याच सुमारास युनिसेफच्या पुढाकाराने 'मीना' आकाराला आली. तिला रूप दिले ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले मुंबईचे राम मोहन यांनी. तिचा पेहराव असा बेतला की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा कोणत्याही देशात ती परकी वाटू नये. मीनाच्या एका गोष्टीत आंब्याची वाटणी होते आणि मोठा वाटा भाऊ राजूला मिळतो. मीना विचारते, का? मग दोघे एका दिवसापुरती कामे बदलतात. तिची कामे करता करता राजू मेटाकुटीला येतो, वर ताटात तिच्या वाट्याचे थोडकेच पडते. वाटणी अन्यायाची आहे हे त्याला कुणी प्रवचन देऊन सांगत नाही; त्याचे पोटच त्याला सांगते. अमर्त्य सेन यांनी 1990 साली जगातल्या दहा कोटींहून अधिक 'हरवलेल्या' स्त्रियांचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यामागे अन्न आणि औषधोपचार यांत होणारी हीच आबाळ होती. मीनाने ती सात-आठ वर्षांच्या मुलांना समजेल अशी करून दाखवली.

यावर आक्षेप येईल की मीना ही प्रबोधनासाठी काढलेली मालिका, भीम ही करमणूक. दोघांना एकच माप कसे लावायचे? पण करमणूकही शिकवतेच, फक्त शिकवते आहे असे सांगत नाही. शिवाय राजूची झालेली फजिती ही उत्तम करमणूक आहे. समतेची गोष्ट रटाळच असते, हा समज तिने केव्हाच खोटा ठरवला.

म्हणून माझा निष्कर्ष असा: स्त्रीवादाने कार्टूनमधल्या मुलीच्या मुठीत बळ आणले, पण मुलग्याच्या हाती झारा अजून दिला नाही. पहिला बदल बाजाराला सोपा गेला, कारण त्यात कुणाला काही सोडावे लागत नाही. दुसऱ्यात सोडावे लागते. चुटकीने भीमासारखे लढावे, हे आता जवळजवळ साधले आहे. भीमाने टुनटुन मावशीच्या दुकानात बसून घामाघूम होत लाडू वळावेत आणि पहिला चुटकीला द्यावा, असा भाग निघेल तेव्हा काम पुरे झाले म्हणू. तोवर, फराळाच्या ताटाशी बसून टीव्ही पाहणाऱ्या आपल्या मुलग्यांना एवढे तरी विचारता येईल: बाळा, हा लाडू कुणी वळला?