रातव्याचा आवाज आणि गोठलेले तळे

रातवा दिवसा दिसत नाही. माळावरच्या वाळल्या पाचोळ्यात तो अंग चोरून बसला, की अगदी पायाशी येईपर्यंत कळत नाही. त्याची ओळख कानांनीच करून घ्यायची. म्हणून पुस्तकातले आवाजाचे वर्णन येथे चित्राहून मोलाचे, आणि नेमके तेच फसते.

इंग्रजी पक्षी-पुस्तकांतून एक उपमा चालत आली आहे: गोठलेल्या तळ्यावरून दगड घसरत जावा, तसा हा आवाज. मराठीतही ती तशीच उतरते. बीड जिल्ह्यात, नायगावच्या मयूर अभयारण्याजवळ राहणाऱ्या मुलाने गोठलेले तळे कोठे पाहावे? उन्हाळ्यात तळ्यात पाणी उरले तरी पुष्कळ!

उपमा चुकीची नाही. 'चक्-चक्-चक्' हे तुटक सूर जवळजवळ येत शेवटी त्यांची 'टर्र' होते. पण हाच ताल शहाबादी फरशीवर गोटी टाकली तरी ऐकू येतो. दर टप्प्याला ऊर्जा घटते, उसळी ठेंगणी होते, दोन टप्प्यांमधला वेळ आखडतो. गोटीचा आवाज जरा कडक खरा. टेबल टेनिसचा चेंडू मिळाल्यास उत्तम.

नावांचे तर विचारूच नका. लिनियसने 1758 मध्ये 'कॅप्रिमल्गस', म्हणजे शेळ्यांचे दूध काढणारा, असे नाव दिले. रातवा दूध पीत नाही. उडते किडे टिपतो. अमेरिकेतल्या त्याच्या भाईबंदाला 'नाइटहॉक' म्हणतात, आणि तो ससाणा नव्हे. आपल्या अनुवादकांनी 'रातवा' हे नाव राखले. मग उपमाच तेवढी परकी का ठेवली?